फक्त बोलण्यासाठी फोन : जिओ, एअरटेल, व्होडाफोन-आयडिया की बीएसएनएल?

गावी राहणाऱ्या आईवडिलांच्या फोनचा रिचार्ज शहरातून भरणाऱ्यांना जुलै २०२४ च्या दरवाढीचा चटका चांगलाच बसला, कारण इंटरनेट न वापरणाऱ्यालाही डेटाचे पैसे मोजावेच लागत होते. जिओचा २८ दिवसांचा २ जीबीचा पॅक १५५ रुपयांवरून १८९ वर आणि एअरटेलचा १७९ वरून १९९ वर गेला. २८ दिवसांच्या हिशोबात वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात; म्हणजे १९९ च्या पॅकचे वर्षाला २,५८७ रुपये. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने केवळ कॉल व एसएमएस असलेले पॅक देणे बंधनकारक केले आणि त्यांची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस केली, ही ज्येष्ठांच्या दृष्टीने खरी दिलासा देणारी गोष्ट आहे. जानेवारी २०२५ मध्ये ठरलेल्या दरांवरच पुढची तुलना केली आहे.

जिओचा डेटाविरहित पॅक १,७४८ रुपयांचा, तर एअरटेलचा १,८४९ चा. पाहताक्षणी जिओ स्वस्त वाटतो. पण त्याची मुदत ३३६ दिवसांची आहे आणि एअरटेलची पूर्ण ३६५. दिवसाचा दर काढला तर जिओ ५ रुपये २० पैसे आणि एअरटेल सुमारे ५ रुपये ७ पैसे पडतो. ८४ दिवसांच्या पॅकमध्ये मात्र चित्र उलटते : जिओ ४४८, एअरटेल ४६९. व्होडाफोन-आयडियाचे दर एअरटेलच्या जवळपासच असल्याने तिथे निर्णय किमतीवर नव्हे, रेंजवरच घ्यावा.

किमतीपेक्षाही आधी हातातला फोन पाहावा. जिओकडे २जी, म्हणजे जुन्या पिढीच्या नेटवर्कची सेवाच नाही, त्यामुळे जुन्या कीपॅडच्या फोनमध्ये त्याचे सिम चालत नाही. एअरटेल, व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएलचे चालते. नवा फोन घ्यायचाच असेल, तर जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना आलेला जिओभारत विचारात घेण्याजोगा आहे. त्याचा २८ दिवसांचा १२३ रुपयांचा पॅक डेटा धरूनही दिवसाला साडेचार रुपयांच्या आत बसतो, मात्र हा दर त्याच फोनपुरता आहे.

बीएसएनएलने जुलै २०२४ मध्ये दर वाढवले नाहीत आणि त्यामुळे लाखो ग्राहक तिकडे वळले. स्वदेशी बनावटीच्या तिच्या ४जी जाळ्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये औपचारिक उद्घाटनही झाले. तरीही घरात, विशेषतः आतल्या खोलीत, रेंज मिळते का हे शेजाऱ्यांकडून समजून घेतल्याशिवाय केवळ स्वस्ताईवर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रात्री दवाखान्यात फोन लागला नाही, तर वाचलेल्या शे-दोनशे रुपयांना अर्थ उरत नाही.

म्हणूनच पहिल्याच रिचार्जला वर्षाचा पॅक मारू नये. नंबर पोर्ट केल्यावर, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलल्यावर, नव्या कंपनीत ९० दिवस राहावे लागते आणि जुन्या पॅकची उरलेली मुदत सोबत येत नाही. त्यामुळे आधी ८४ दिवसांचा पॅक घेऊन घरातले, शेतातले आणि बाजाराच्या वाटेवरचे कॉल नीट लागतात का, हे आईवडिलांनाच विचारावे.