‘बाई, द्राक्षबागेतल्या एआयमध्ये पैसे घाला’ : माझे ८,३१,४५० रुपये असे गेले

आधी आकडा सांगते, कारण तो लपवून मी कितीतरी दिवस स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरले. ८,४६,४५० रुपये दिले, १५,००० परत आले. निव्वळ गेले ८,३१,४५०. माझ्या ग्रॅच्युइटीचे. माझ्या शब्दावर धाकट्या बहिणीने घातलेले १,००,००० वेगळेच. चौतीस वर्षं मी हायस्कूलला गणित शिकवलं. चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या बाईंना एवढं कळलं नाही का, हे मला पोलिसांपासून जावेपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. म्हणून सगळंच लिहिते.

जुलै २०२५ मध्ये एक जुना विद्यार्थी घरी आला. पाया पडला. “बाई, त्रैराशिक तुमच्याकडे शिकलो म्हणून आज हिशेब जमतो.” सोबत लॅपटॉपवाला भागीदार. त्यांची कंपनी म्हणे द्राक्षबागेत सेन्सर बसवते, हवेतली आर्द्रता, पानांचा ओलावा, जमिनीतली ओल मोजते आणि डावणी-भुरी हे बुरशीचे रोग दिसायच्या आधीच शेतकऱ्याच्या मोबाइलवर कळवते. मी तासगाव तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. अवकाळी पावसाने दोन रात्रींत बाग जाताना मी पाहिलीय, आणि औषधाच्या दुकानाची उधारी फेडताना वडिलांची झालेली ओढाताणही. ही कल्पना मला तेव्हा पटली, आजही पटते. ती खोटी नाहीच. बारामतीला उसावर असाच प्रयोग झाला, मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी त्याचं जाहीर कौतुक केलं. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, ५०० कोटींच्या तरतुदीचं. दोन्ही बातम्यांची कात्रणं त्यांनी फाइलला लावून आणली होती. कात्रणं खरी होती. त्यांत यांच्या कंपनीचं नाव कुठेच नव्हतं, आणि मी ते शोधलंही नाही.

मग विद्यार्थी मुद्द्यावर आला. “नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या व्हेंचर फंडात शिरायला कमीत कमी एक कोटी लागतात, बाई. म्हणजे एआयची कमाई मोठ्यांचीच. आम्ही वीस-वीस जणांचा गट करून शेअर घेतो.” एक कोटीची अट मी तपासली. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या पर्यायी गुंतवणूक फंडांच्या २०१२ च्या नियमांत ती खरंच आहे. एक गोष्ट खरी निघाली आणि मी पुढच्या चार तपासल्याच नाहीत. ही अट का आहे, हे मला आता कळतं. अशा दहा कंपन्यांतल्या बहुतेक बुडतात, आणि तो फटका ज्याला सोसतो त्यानेच त्यात उतरावं म्हणून. पेन्शनवर जगणाऱ्या बाईने नव्हे.

४ ऑगस्टला २,५०,००० पाठवले. सप्टेंबरात ७,५०० आले, ऑक्टोबरात पुन्हा ७,५००. महिन्याला तीन टक्के. इथे माझा हात थांबायला हवा होता. शेअर घेतलाय ना, मग दरमहा हप्ता कसला? नवी कंपनी सुरुवातीची वर्षं पैसे खाते. पुढे शेअरचा भाव वाढला आणि तो कुणी विकत घेतला, तरच आपल्या हातात काही येतं. पहिल्याच महिन्यापासून व्याज येतंय म्हणजे ते आपलेच पैसे आहेत, नाहीतर आपल्यामागून आलेल्याचे.

पण मला रात्री झोप लागू देत नाही तो दिवस वेगळाच आहे.

नोव्हेंबरात त्यांनी बाग दाखवायला नेलं. सकाळचे साडेसहा. बाग फुलोऱ्यात, रात्रभर दव पडलेलं. मंडपाखालून चालताना माझा पदर भिजला, पानापानाच्या टोकाला थेंब लोंबत होते. खांबावर पांढरी पेटी, वर सोलरचं छोटं पॅनल, खाली हिरवा दिवा लुकलुकणारा. विद्यार्थ्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर मराठीत लिहिलं होतं : पानांचा ओलावा ०. मी एक पान खुडून मोबाइलवर धरलं, थेंब काचेवर पडला. “हे शून्य कसं?” तो म्हणाला, “सर्व्हर सिंक व्हायचाय बाई, पंधरा मिनिटांत येईल.” आम्ही चहा घेतला. पंधरा मिनिटांनी तिथे ८२ आलं होतं. आणि मला बरं वाटलं! डावणीला ओलं पानच लागतं. त्या यंत्राने एकच गोष्ट सांगायची होती, ती चुकीची होती, आणि द्राक्षाच्या गावात वाढलेली मी ते हातात ओलं पान घेऊन पाहत होते. चहा होईपर्यंत कुणीतरी तो आकडा घातला, दुसरं काय? जानेवारीत बागवाल्याने पेटी उघडली. आत एक बॅटरी आणि दिव्याची वायर. सिमकार्ड नाही, सेन्सर नाही.

मला मूर्ख म्हणणाऱ्यांना एक सांगते. अमेरिकेत नेट नावाच्या खरेदीच्या ॲपने एआयच्या नावावर गुंतवणूकदारांकडून चार कोटी डॉलरहून जास्त उभे केले. एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी त्याच्या संस्थापकावर आरोप ठेवला, की स्वयंचलित काम प्रत्यक्षात शून्य टक्के होतं आणि ऑर्डरी फिलिपिन्समध्ये बसलेली माणसं हाताने भरत होती. तिथे पैसे घालणारे व्हेंचर फंडवाले होते, हाच त्यांचा धंदा. माझ्यापुढे तर माझा विद्यार्थी उभा होता.

२० नोव्हेंबरला ४,००,००० दिले. १२ डिसेंबरला १,७५,०००, कारण “पैसे उभे करायचा राउंड बंद होतोय, सोमवारपासून शेअर दुप्पट”. ६ जानेवारीला डीमॅट आणि स्टॅम्प ड्युटीचे म्हणून २१,४५०. स्वतःचेच शेअर मिळवायला वर पैसे मागितले की तिथेच फोन ठेवा. तिन्ही मोठ्या रकमांच्या बँकेच्या पावत्यांवर कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्याशा ट्रेडर्सचं होतं. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे शेअरसाठी घेतलेले पैसे कंपनीच्या स्वतंत्र बँक खात्यातच जावे लागतात, आणि वाटप झाल्यावर पंधरा दिवसांत त्याची नोंद सरकारकडे करावी लागते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनीची माहिती फुकट दिसते. मी ती पैसे गेल्यावर पाहिली : वय अकरा महिने, भरणा भांडवल, म्हणजे शेअरपोटी प्रत्यक्ष जमा झालेले पैसे, १,००,०००. त्यांनी दाखवलेलं स्टार्टअपचं सरकारी प्रमाणपत्र खरं असेलही, पण ते स्टार्टअप म्हणून मान्यतेचं असतं. तुमच्या पैशाची हमी त्यात नसते.

१५ जानेवारीला फोन बंद. विद्यार्थी म्हणतो, “बाई, माझेही सहा लाख अडकलेत.” असतील. पण त्याला माणसामागे पाच टक्के मिळत होते, हे त्यानेच कबूल केलं. म्हणजे माझ्या ८,२५,००० मधले ४१,२५० त्याचे.

आणि मग सुरू झाले हेलपाटे. ठाण्यात साडेतीन तास बाकावर बसवून सांगितलं, “हा दिवाणी व्यवहार आहे, वकील बघा.” सायबरवाल्यांनी विचारलं, “ओटीपी दिला होता का?” नाही म्हटल्यावर, “मग हे आमचं नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत.” आर्थिक गुन्ह्यांच्या टेबलावर रक्कम ऐकून साहेब म्हणाले, “एवढ्या लहान केसेस आम्ही घेत नाही.” लहान! माझ्या चौतीस वर्षांच्या खडूच्या धुळीचे पैसे आहेत ते. मुंबईच्या एका मोठ्या कार्यालयातून चाळीस दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की ही संस्था आमच्याकडे नोंदलेली नाही, सबब तक्रार बंद. नोंदलेली नाही, हीच तर माझी तक्रार होती! बँकेच्या मॅनेजरने पाणीसुद्धा विचारलं नाही. प्रत्येक टेबलावर तेच वाक्य : “शिकलेल्या असून असं कसं केलंत?” चोराला पकडायला पगार कुणाला मिळतो, मला की त्यांना?

शेवटी मुलाने वाचून काढलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. ठाण्याने नोंद घेतली नाही तर तक्रार लेखी करून पोलीस अधीक्षकांना पाठवा, मग न्यायालयात जा. तोंडी काही बोलू नका, पोच घ्या. पैसे गेल्याचं कळताच त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन करा. मी लाजेपोटी आणि विद्यार्थ्याच्या विनवण्यांपायी आणखी नऊ दिवस घालवले, तोवर त्या खात्यात ११,२०० रुपये उरले होते. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका. मी रागाच्या भरात अर्धे पुसले.

ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा आहे, त्यात आरोपीची मालमत्ता जप्त होऊ शकते. वकील म्हणतात, एकटीच्या अर्जापेक्षा अनेकांचे अर्ज एकत्र गेले तर बरं. आत्तापर्यंत आम्ही सात जण जमलोय, माझी बहीण धरून. तिचे पैसे मी पेन्शनमधून महिन्याला ५,००० असे फेडते आहे. द्राक्षबागेचा सेन्सर सांगून कुणी तुमच्याकडून ट्रेडर्सच्या खात्यात पैसे घेतले असतील, तर पावत्या घेऊन आमच्यात या. येत्या सोमवारी अकरा वाजता आम्ही पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात अर्ज देणार आहोत.