हॅमर घासायची पट्टी: मूठ झकास, पेपर टाकाऊ

बेळगावच्या कॅम्पातला एक जुना अपराइट (उभ्या तारांचा) पियानो दुरुस्तीला आला, म्हणून ही पट्टी ऑनलाइन मागवली. मी मूळचा पेटीवाला. पेटीच्या सुरांवर, म्हणजे पितळी पात्यांवर, चालणारी कानस इथं कामाची नाही. पियानोचा हॅमर म्हणजे लाकडी गाभ्यावर ताणून बसवलेलं लोकरीचं फेल्ट. तारांवर आपटून आपटून त्याला चर पडतात, टोक चपटं होतं आणि आवाज कर्कश येतो.

पट्टी अ‍ॅल्युमिनियमची, दोन बोटं रुंद, मूठ लाकडी. हातात मस्त बसते. पण सोबतचा चिकट पेपर! पहिल्या सप्तकातच दाणे झडून फेल्टात रुतायला लागले. शेवटी खडेबाजारातून 80 आणि 150 नंबरचा पॉलिश पेपर आणून डबल टेपनं चिकटवला, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

घासायचं ते हॅमरच्या खांद्याकडून (कडेच्या फुगीर भागाकडून) टोकाकडं, एकाच दिशेनं, दोन्ही बाजूंनी, आणि टोकाच्या जरा अलीकडंच थांबायचं. दुसऱ्या हाताचं बोट हॅमरच्या मागं टेकू म्हणून हवंच, नाहीतर सगळा जोर हॅमर जिच्यावर फिरतो त्या खालच्या बारीक पिनेवर येतो. हात बसला की फेल्टचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा अख्खा सुटतो. चर अगदी नाहीसे व्हायलाच पाहिजेत, हा हट्ट नको; फेल्ट परत उगवत नाही की! शेवटी टोकावरून बारीक पेपरची चिंधी दोन्ही हातांनी अलगद ओढायची. टोक तिरकं झालं तर एकाच सुराच्या तीन तारांपैकी एखादी नीट वाजत नाही, म्हणून दर हॅमर तारांना लावून बघा.

खर्जाच्या आणि मधल्या हॅमरना ही पट्टी उत्तम. अगदी वरच्या सप्तकांतल्या हॅमरना मात्र चुकूनही वापरू नका. तिथं फेल्ट इतकं पातळ, की दोन हात जास्त पडले तर लाकूडच तारेवर वाजेल. मी आइस्क्रीमच्या काडीला 220 नंबर चिकटवून भागवलं. हॅमर घासला की तारेपासूनचं अंतर वाढतं, तेही परत जुळवावं लागतं. अपराइटला साधारण 45 मिलिमीटर. आणि तोंडाला मास्क बांधा, लोकरीची धूळ घशात बसते.

पावसाळ्यात आपल्याकडं फेल्ट दमट असतं, पेपरवर गुठळ्या धरतात. दिवाळीनंतर काम काढलेलं बरं.

किंमत मात्र अवाच्या सवा. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, कुणी ओळखीचं असेल तर पट्टी तिथं कापून घ्या, मूठ सुताराकडून.