कॅफिनेट: मॅकमधलीच छोटी कमांड, पण स्क्रीन सेव्हरचा त्रास कायमचा मिटला

मॅक वापरणाऱ्या बऱ्याच जणांना माहितीच नसतं की स्क्रीन सेव्हर नाहीतर झोपणारी स्क्रीन थांबवायला वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. कॅफिनेट (caffeinate) नावाची कमांड २०१२ च्या माउंटन लायन या मॅकच्या आवृत्तीपासून मॅकमधेच आहे, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, नाव टाइप करा, स्क्रीनही चालू हवी असेल तर पुढे -डी (-d) लावा, एंटर मारा, झालं. मी तीन वर्षं जवळजवळ रोज वापरतेय, आणि माझ्या प्रोग्रॅममधून पण हीच चालू करते, म्हणून म्हटलं नीट सविस्तर लिहावं.

आधी माझी पद्धत वेगळी होती. रात्री व्हिडिओ कन्व्हर्ट करायची एक स्क्रिप्ट होती, तिच्या सुरुवातीला स्क्रीन सेव्हरची सेटिंग बंद करायची आणि शेवटच्या ओळीत परत चालू करायची. दिसायला अगदी व्यवस्थित. पण एका रात्री स्क्रिप्ट मधेच क्रॅश झाली, शेवटची ओळ काही चाललीच नाही, स्क्रीन सेव्हर बंदच राहिला आणि पासवर्डचं लॉक त्याच्यावरच अवलंबून असल्यामुळे तेही गेलं. चार दिवसांनी लक्षात आलं की मी जागेवरून उठले तरी लॅपटॉप सगळ्यांसमोर उघडाच असतो. खूप भीती वाटली तेव्हा, सगळे मेल, सगळ्या फाइल्स त्यात. मग कोणीतरी सुचवलं म्हणून एक फुकटचं टूल घेतलं जे दर मिनिटाला माउसचा पॉइंटर जरासा हलवतं, तर ते प्रेझेंटेशन चालू असताना पण हलवायला लागलं आणि प्रत्येक स्लाइडवर मधेच बाण उगवायचा, दोन दिवसांत काढून टाकलं.

कॅफिनेट सेटिंगला हातच लावत नाही. ती सिस्टिमला फक्त एवढंच सांगते की मी चालू आहे तोवर झोपू नको. याला असर्शन म्हणतात, आणि ते त्या प्रोसेसबरोबर, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमबरोबर, जगतं आणि तिच्याबरोबरच जातं. प्रोसेस नीट संपो, क्रॅश होवो, कोणी किल करो, मॅक आपोआप जसा होता तसा. मला या कमांडचं जे काही कौतुक आहे ते मुख्यतः यासाठीच आहे.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते सांगते. नुसतं कॅफिनेट टाइप केलं तर ते -आय (-i) हा पर्याय धरून चालतं, म्हणजे कोणी काही करत नाहीये म्हणून मशीन झोपणार नाही, पण स्क्रीन मात्र बंद होऊ शकते, स्क्रीन सेव्हरही येऊ शकतो. रात्रभराच्या कामाला हे बरोबरच आहे, स्क्रीन उगाच कशाला जाळायची. पण प्रेझेंटेशन असेल, किंवा समोर आकडे सतत दिसायला हवे असतील तर -डी लावायलाच लागतं. स्क्रीन सेव्हर, स्क्रीन झोपणं आणि मशीन झोपणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भांडणं मिटतात. -टी ने वेळ देता येते, पण सेकंदांत, म्हणजे एका तासाला ३६००. आणि कॅफिनेटच्या पुढे दुसरी कमांड लिहिली तर -टी धरलंच जात नाही, ती कमांड संपेपर्यंत मॅक जागा राहतो.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी खरी चीज आहे -डब्ल्यू. याला कुठल्याही प्रोसेसचा पीआयडी, म्हणजे सिस्टिमने तिला दिलेला नंबर, द्यायचा, ती संपली की कॅफिनेटपण संपतं. माझ्या पायथनच्या प्रोग्रॅममधे मी सुरुवातीलाच सबप्रोसेसने (पायथनमधून दुसरी कमांड चालवायची सोय) कॅफिनेट चालू करते आणि -डब्ल्यू ला प्रोग्रॅमचा स्वतःचाच पीआयडी देते, बस, एक ओळ, शेवटी आवरायला काही नाही. विश्वास बसावा म्हणून मुद्दाम करून बघितलं. प्रोग्रॅम चालू केला, दुसऱ्या खिडकीत पीएमसेट -जी असर्शन्स (pmset -g assertions, चालू असर्शन्सची यादी दाखवणारी कमांड) मारलं, यादीत कॅफिनेटचं नाव पीआयडीसकट दिसलं. मग प्रोग्रॅमला किल -९ केलं, म्हणजे जबरदस्तीने तिथल्या तिथे बंद केलं, आवराआवर करायला काही संधीच नाही, परत तीच कमांड मारली आणि नाव गायब. माझी जुनी स्क्रिप्ट नेमकी इथेच मार खात होती. आणि ही यादी एरवीपण बघत जा, मॅक झोपतच नसेल तर कोणत्या ॲपने अडवून ठेवलंय ते तिथेच कळतं.

तक्रारी आहेतच. चालू आहे की नाही याची कुठलीच खूण वर मेनूत दिसत नाही, टर्मिनलची खिडकी मागे कुठेतरी गेली की विसरायला होतं, आणि ज्यांना टर्मिनलची सवय नाही त्यांना हे अवघडच वाटणार. झाकण बंद केलं तर मॅक झोपतो, कॅफिनेट ते अडवत नाही, बॅगेत टाकून काम चालू राहील असं समजू नका. मशीनला झोपू न देणारा -एस हा पर्याय फक्त चार्जर लावलेला असतानाच लागू होतो, बॅटरीवर त्याचा काही उपयोग नाही. आणि -डी चालू असताना स्क्रीन सेव्हर येत नाही म्हणजे त्याच्यामागून येणारं लॉकही येत नाही, हे मी तर आता कधीच विसरणार नाही.

विंडोजवाल्यांना याच विचाराचं पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या टूल्सच्या संचातलं अवेक आहे, तेही पॉवर प्लॅनच्या सेटिंग बदलत नाही आणि त्याला पीआयडीपण देता येतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो न दिसणाऱ्या खुणेसाठी. मी जागेवरून उठताना आठवणीने कंट्रोल-कमांड-क्यू दाबून स्वतः लॉक करते, मागे काम आपलं चालूच राहतं.