टिडलीविकी वापरून बघितलं : ॲपचं पोट ॲपमध्येच उघडतंय

तासगावजवळ आमची थोडी द्राक्षं आहेत, मी सांगलीत नोकरीला, आणि फवारणीची वही तात्यांकडं. एक्स्पोर्टला माल द्यायचा तर कुठलं औषध कधी मारलं याचा हिशोब लागतो, आणि वहीची निम्मी पानं मोरचुदानं निळी झालेली. आधी एक ॲप घेतलेलं, त्यात 'भुरी' (द्राक्षावरचा रोग) असा रकाना पाहिजे होता तर कंपनीला मेल कर, वाट बघ, मग उत्तरच नाही. नाव नको त्याचं.

मग टिडलीविकी घेतलं, नोंदी ठेवायचं ॲप. जेरेमी रस्टन यांनी २००४ मध्ये काढलेलं, फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना बघायला खुला. अख्खं ॲप म्हणजे एकच एचटीएमएल फाइल, तुमच्या नोंदीही त्यातच, ब्राउझरमध्ये उघडायची न् नेट नसलं तरी चालतंय. पण माझा जीव जडला तो वेगळ्याच गोष्टीवर.

तात्यांनी पहिल्याच दिवशी एका बटणाकडं बघून विचारलं, "ह्यो न्यू टिडलर म्हंजे काय रं?" टिडलर म्हणजे इथली एक नोंद, पण तात्यांना आता काय सांगणार. साइडबारला 'मोअर'मध्ये 'शॅडोज' म्हणून टॅब आहे, तिथं ॲपचं सगळं सामान नोंदींच्याच रूपात पडलंय, बटणं, त्यावरचे शब्द, पानाचा साचा, ॲप चालवणारा जावास्क्रिप्ट कोडसुद्धा. त्या बटणाच्या नावाची नोंद हुडकली, एडिट केली, 'नवी फवारणी' लिहिलं, ओके केलं की बटण तिथल्या तिथं बदललं! ओपन सोर्स ॲप ढीगभर आहेत ओ, पण त्यांचा कोड कुठंतरी दुसरीकडं असतो, आणि आपल्याकडं चालतंय ते नेमकं तेच का हे कोण बघत बसतंय. इथं जे चालतंय तेच समोर दिसतंय.

आणि भ्यायचं कारण नाही. तुम्ही बदललेली नोंद मूळ नोंदीवर नुसती झाकण घालते, डिलीट केली की खालची मूळची परत वर येते. मी शहाणपणा करून पानाच्या साच्यात हात घातला आणि सेव्ह पण केलं, अख्खा साइडबार गायब. पत्त्याच्या शेवटी हॅश, कोलन आणि सेफ (#:safe) टाकून रिलोड केलं तेव्हा सगळं जागेवर आलं. (हे मला आधी माहीत असतं तर एक रविवार वाचला असता.) जावास्क्रिप्ट बदललं तर मात्र सेव्ह करून रिलोड करावंच लागतंय, ते लगेच दिसत नाही.

आता वैताग. सेव्ह. ब्राउझर सुरक्षेपायी फाइल जागेवर लिहू देत नाही, वेगळी सोय केली नाही तर दर वेळी नवी कॉपी डाउनलोड होते. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या वाढल्या तशा माझ्या डाउनलोडमध्ये 'बाग'च्या अकरा फाइली, त्यातली खरी कुठली देवाला माहीत. मोबाइलवर तर नादच करू नका. शिवाय आतला कोड दिसतो म्हणून कळतोच असं नाही, डॉलर आणि कोलनवाली लांबलचक नावं बघून पहिल्यांदा डोकं गरगरतंय.

चार स्टार, एक सेव्हपायी कापला. तात्यांची नवीन फर्माईश आलीय, सर्चच्या जागी 'हुडक' पाहिजे. ती नोंद अजून सापडली नाही मला.