फुटक्या भिंतीचा कॅम्पर की गंजक्या चासीचा?

रत्नागिरीत दोन जुने पिकअप कॅम्पर, म्हणजे मागे राहायची खोली बसवलेले पिकअप, बघितले. पहिल्याची डावी भिंत बाहेरून फाटलेली, घाटात कुठेतरी घासलेली. किंमत अर्थातच कमी. दुसरा मिऱ्या बंदराजवळ उभा असायचा. रंग चकचकीत, मालक बोलायला गोड. (तिथेच मला शंका आली.)

पहिल्याच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर खुपसला, तर प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. पण वीतभरच, पुढे टकटक केलं की टणक आवाज. म्हणजे सडका भाग कापायचा, चौकटीची पट्टी बदलायची, लाकूड खडखडीत वाळू द्यायचं, मगच फायबरचा पत्रा आणि सांध्यांना सीलंट. हे सगळं मे संपायच्या आत. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओल आत कोंडली तर भिंत आतून कुजणारच. आणि स्क्रू स्टेनलेसचेच हवेत, साधे लोखंडी खाऱ्या हवेत टिकत नाहीत.

दुसऱ्याच्या खाली आडवा होऊन पाहिलं. चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ताजा काळा रंग. नखाने खरवडला तर गंजाची खपलीच हातात आली. भिंत सुतार करून देईल. चासी गेली की गाडीच गेली.

आरसीवर कॅम्परची नोंद दोघांच्याही होती.

मी फुटका घेतला. वाचलेल्या पैशांतून आधी ताडपत्री आणली.