गाळ्यातला जुना पीसी: एक्सपी, विंडोज ७, जुना मॅक की जुनं लिनक्स?

मुंबईत साकीनाक्याच्या गाळ्यातलं संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र असो, प्रभादेवीच्या प्रेसमधला छपाईच्या प्लेट बनवणारा प्लेटसेटर असो की फोर्टमधल्या फर्मचा टॅलीचा सर्व्हर, पीसी बदलायचा म्हटलं की एकाच ठिकाणी अडतं: यंत्राचा ड्रायव्हर (ते विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) किंवा प्रिंटर पोर्टला लावायचं डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली) नव्या विंडोजवर चालत नाही. मग जुन्यातलीच एखादी सिस्टिम ठेवावी लागते आणि निवड बहुतेक वेळा नावलौकिकावर होते. एक्सपी बदनाम, विंडोज ७ बरी, मॅकला व्हायरस लागत नाही, लिनक्सला कोणी हात लावू शकत नाही. ही नावं कशी पडली ते पाहिल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये.

विंडोज ९८ पटकन बाजूला करू. लॉगिनच्या चौकटीत एस्केप दाबलं की आत शिरता येतं आणि एका वापरकर्त्याच्या फाइल दुसऱ्यापासून राखण्याची सोयच नाही. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने विंडोज ९५ आणि ९८ वरच्या हार्ड डिस्क पुसल्या, काही मदरबोर्डांचं बायोस (पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) ही खराब केलं. यंत्रासाठी ९८ लागतेच असेल तर नेटवर्कची केबल कायमची काढून ठेवा.

खरी तुलना एक्सपी आणि विंडोज ७ ची. एक्सपीची बदनामी २००३ चा ब्लास्टर आणि २००४ चा सॅसर या वर्म्सनी, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या व्हायरसांनी केली. नुसतं इंटरनेटला जोडलेलं मशीनही त्यांना पुरत होतं, कारण फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी सोय) मुळात बंदच असायची. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने (सर्व्हिस पॅक म्हणजे अनेक अपडेटचा एकत्र संच) ती सुरू करून दिली. त्यामुळे सर्व्हिस पॅक नसलेली एक्सपी आणि सर्व्हिस पॅक ३ वाली एक्सपी या सुरक्षेच्या दृष्टीने दोन वेगळ्या सिस्टिम मानाव्यात. आपल्याकडे मात्र पायरेटेड कॉपीचा संदेश येईल या धास्तीने अनेकांनी अपडेटच बंद ठेवले. २००८ च्या अखेरीस आलेल्या कॉनफिकर वर्मला अशी मशीन्स आणि पेनड्राइव्हचं ऑटोरन (लावताच प्रोग्राम आपोआप सुरू होणं) आयतंच मिळालं.

विंडोज ७ आतून नक्कीच मजबूत आहे. पण मे २०१७ च्या, फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्रायने सर्वात जास्त मशीन्स पकडली ती विंडोज ७ चीच. तो हल्ला एक्सपीवर बऱ्याचदा फसायचा आणि मशीन निळ्या स्क्रीनवर अडकायचं. विंडोज ७ साठीचा पॅच (भोक बुजवणारा अपडेट) मार्चमध्येच निघाला होता, लोकांनी तो टाकला नव्हता, एवढंच. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या या दुसऱ्या वर्ममुळे न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेट्या एका मशीनच्या मेमरीतून पासवर्ड उचलून पॅच केलेल्या मशीन्समध्येही शिरत होता. म्हणून ऑफिसातल्या सगळ्या पीसींना अॅडमिनचा एकच पासवर्ड देणं फार धोक्याचं आहे.

एक्सपीचे नियमित अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला, आणि पैसे भरून मिळणारे जानेवारी २०२३ मध्ये. तरीही एक्सपीवर सर्व्हिस पॅक ३ नंतर तीन पॅच हवेतच (केबी हा मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचा क्रमांक): केबी ९५८६४४ (कॉनफिकरसाठी), केबी ४०१२५९८ (वॉनाक्रायसाठी) आणि केबी ४५००३३१ (रिमोट डेस्कटॉपच्या ब्लूकीप भोकासाठी). विंडोज ७ नव्याने टाकलीत आणि अपडेट सारखे नाकारले जात असतील, तर सर्व्हिस पॅक १ नंतर आधी केबी ४४९०६२८ आणि मग केबी ४४७४४१९ टाका. २०१९ पासूनच्या अपडेटवर नवी डिजिटल सही असते आणि या दोघांशिवाय जुन्या विंडोज ७ ला ती ओळखता येत नाही.

दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली म्हणजे घरून टॅली पाहता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट उघडणं. जुन्या सिस्टिमवर हे अजिबात करू नका. दुसरी लवकर लक्षात येत नाही. एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त एसएमबी-१ ही जुनी भाषा येते आणि नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती मुळात बंद असते. शेअर दिसेना की दुरुस्तीवाला विंडोज १० वर एसएमबी-१ सुरू करून देतो. एका जुन्या पीसीच्या सोयीसाठी चांगलं मशीनही कमकुवत होतं. त्यापेक्षा फाइल पेनड्राइव्हने न्या, पण आधी नव्या मशीनवर तपासा. एक्सपी प्रोफेशनलमध्ये ग्रुप पॉलिसीत 'टर्न ऑफ ऑटोप्ले' हे 'ऑल ड्राइव्ह्ज'साठी लावा आणि केबी ९६७७१५ टाका, त्याशिवाय ती सेटिंग पूर्ण लागू होत नाही.

मॅकचं नाव बरंचसं कमी संख्येमुळे राखलं गेलं. मॅक ओएस ९ मध्ये एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून वेगळी राखली जात नव्हती. १९९८ मध्ये ऑटोस्टार्ट नावाचा वर्म क्विकटाइमच्या ऑटोप्लेतून, डिस्कमागून डिस्क असा पसरला. जुना मॅक ठेवलेल्या प्रेसने क्विकटाइमच्या सेटिंगमधलं सीडी ऑटोप्ले आजच बंद करावं. पुढे २०१२ मध्ये फ्लॅशबॅक व्हायरसने जावातल्या भोकातून सहा लाखांहून अधिक मॅक पकडले. शिवाय अॅपल अपडेट थांबण्याची तारीख आधी जाहीर करत नाही. साधारण शेवटच्या तीन आवृत्त्यांना पॅच मिळतात, हे धरूनच चालावं लागतं.

जुन्या लिनक्सवर माझा सगळ्यात कमी भरवसा आहे, कारण त्याकडे कोणी पाहतच नाही. कोपऱ्यातला फाइल सर्व्हर वर्षानुवर्षं चालू असतो. २०१७ मध्ये सांबात (लिनक्सवरच्या फाइल शेअरिंगच्या प्रोग्रामात) सापडलेलं भोक ३.५ पासूनच्या आवृत्त्यांत होतं आणि अनेक जुन्या एनएएस डब्यांना (नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या डब्यांना) त्याचं अपडेट कधी आलंच नाही. सेंटओएस ७ या लिनक्सचे अपडेट ३० जून २०२४ ला संपले. मात्र इथे सुटकेचा मार्ग सोपा आहे: त्याच मशीनवर बहुधा चालू आवृत्ती टाकता येते आणि लायसन्सचा खर्च नसतो.

यंत्राला जुनं विंडोज लागतच असेल आणि ड्रायव्हर दोन्हींवर चालत असेल, तर विंडोज ७ घ्या. फक्त एक्सपीवर चालत असेल तर एक्सपी ठेवा, पण यंत्र आणि पीसी यांच्यापुरता वेगळा स्विच द्या, तो ऑफिसच्या राउटरला जोडू नका. नुसता गेटवेचा (बाहेर नेणाऱ्या राउटरचा) पत्ता रिकामा ठेवल्याने इंटरनेट बंद होईल, पण त्याच नेटवर्कवरचं बाधित मशीन फाइल शेअरिंगच्या ४४५ पोर्टवरून आत येऊ शकेल. टॅली, बँक, जीएसटी आणि ईमेल यांच्यासाठी यातली कोणतीच सिस्टिम वापरू नका. विंडोज ७ वर क्रोम ब्राउझरही आवृत्ती १०९ वर थांबला आहे.

हे सगळं करण्याआधी डिस्कची क्लोनझिला या मोफत प्रोग्रामने प्रत काढा. जुनी आयडीई (रुंद पट्टीच्या केबलची) डिस्क असेल तर लॅमिंग्टन रोडवर आयडीई-यूएसबी अडॅप्टर मिळतो. प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून पीसी सुरू होतो का ते पाहा, मगच मूळ डिस्कला हात लावा.