फायरप्लेस असलेल्या हॉलमध्ये टीव्ही कुठल्या भिंतीला?

पसरणी घाट चढून वर गेलं की पाचगणी, भिलार, महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत फायरप्लेस आधीपासून असते आणि ती हलवता येत नाही. टीव्ही मागाहून येतो. तो कुठे लावायचा यावरून घरात दोन तट पडतात. एकाला तो फायरप्लेसच्या बरोब्बर वर हवा असतो, कारण कुठल्यातरी रिसॉर्टमध्ये तसा बघितलेला असतो. दुसऱ्याला त्या भिंतीला खिळासुद्धा मारायचा नसतो. माझं फर्निचरचं काम साताऱ्यात, पण वरच्या बंगल्यांची कामं बरीच येतात आणि हा वाद जवळजवळ प्रत्येक घरी ऐकायला मिळतो. म्हणून नेहमीच्या मांडण्या शेजारीशेजारी ठेवून बघू.

मापं डोळ्यांसमोर राहावीत म्हणून एक हॉल धरू, 14 बाय 18 फुटांचा. फायरप्लेस 14 फुटी भिंतीच्या मधोमध, चिमणीच्या बांधकामासकट साडेपाच फूट रुंद. एका लांब भिंतीला दरीकडच्या खिडक्या, खाली धोम धरणाचं पाणी दिसतंय. समोरच्या लांब भिंतीला आत जायचं दार. म्हणजे बघण्यासारख्या गोष्टी तीन झाल्या: आग, टीव्ही आणि दरी. तिन्हींकडे एकदम तोंड करणारा सोफा अजून कुठल्या सुताराने बनवलेला नाही.

आधी हे ठरवा की वर्षातून किती संध्याकाळी तिथे खरोखर लाकूड पेटणार आहे. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे दव गोठल्याच्या बातम्या येतात तेवढे दिवस फायरप्लेस हवीहवीशी वाटते. जुलै-ऑगस्टमध्येही गारठा असतो, पण लाकूड दमट असतं, चिमणी नीट ओढत नाही आणि धूर हॉलमध्ये परततो. शिवाय महाबळेश्वर-पाचगणी हा भाग 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, झाडतोडीवर बंधनं आहेत. जळण वखारीतून विकत आणायचं असतं, आणि पहिला उत्साह ओसरला की पोती तशीच पडून राहतात. टीव्ही मात्र रोज लागतो. म्हणून माझा कल सरळ आहे: मोठा सोफा टीव्हीकडे तोंड करून, आणि आगीपाशी दोन हलक्या खुर्च्या.

फायरप्लेसच्या वर

दिसायला ही मांडणी सगळ्यांत नेटकी. एक भिंत, एक दिशा, सोफा समोर, काम संपलं. गिऱ्हाईक हीच मागतं. अडचण बसल्यावर कळते.

जुन्या फायरप्लेसची वरची फळी साधारण साडेचार फुटांवर असते. तिच्यावर सहा इंच मोकळे सोडले तर टीव्हीची खालची कड पाच फुटांवर येते. 55 इंची टीव्ही 27 इंच उंच असतो, म्हणजे त्याचा मध्य सहा फुटांच्या वर गेला. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे साडेतीन फुटांवर असतात. नऊ फुटांवरून बघितलं तर नजर सोळा अंश वर उचलावी लागते. पंधरा अंशांपर्यंत मानेला त्रास होत नाही असं धरतात, तेव्हा सोफ्यावरून कसंबसं निभावतं. पण आपल्याकडे हॉलमध्ये गादी-लोडाची बैठक असतेच. चार इंची गादीवर बसलेल्या माणसाचे डोळे अडीच-पावणेतीन फुटांवर असतात आणि कोन एकवीस अंशांवर जातो. थेटरात पहिल्या रांगेत बसून तीन तास काढल्यासारखं होतं. एका बंगल्यात आजी दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अरे, मान अवघडली माझी. तो डबा जरा खाली घे.” डबा खाली घ्यायला जागाच नव्हती, खाली आग होती.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापरायचं तापमान 40 अंशांपर्यंत दिलेलं असतं. उघड्या फायरप्लेसच्या वरची भिंत तासाभरात त्यापुढे जाऊ शकते, मग वॉरंटीवरही भरवसा ठेवता येत नाही. ज्यांना वरच लावायचा आहे त्यांनी आधी एक करावं: टीव्ही जिथे येणार त्या जागी भिंतीला थर्मामीटर चिकटवायचा, दोन तास नेहमीसारखी आग ठेवायची आणि वाचायचं. फळी आठ-दहा इंच पुढे आलेली असेल तर ती गरम हवा पुढे ढकलते आणि आकडा बराच खाली येतो. फळी नुसती नावाला असेल तर विषय तिथेच मिटला.

तिसरी गोष्ट खास आपल्या घाटमाथ्याची, ती कुठल्याही इंटिरिअरच्या चित्रात दिसत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाचगणी तिथून जेमतेम वीस किलोमीटर, पण पाऊस निम्म्याहूनही कमी. तरी तो कमी नाहीच. चिमणीवरची टोपी गंजली किंवा सरकली की पाणी आत उतरतं, काजळीत मिसळतं आणि फळीच्या वरच्या भिंतीवर काळपट तपकिरी ओघळ येतात. चुना लावा, रंग लावा, पुढच्या पावसात ते पुन्हा डोकं काढतात. नेमका तोच टीव्हीचा पाठीमागचा भाग. भिंत जांभ्याची असेल तर आणखी एक भानगड: दगड सच्छिद्र असतो, ड्रिल मारलं की भोक मोठं होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात ठोकतात ती खुंटी, आतल्या आत फिरते. 55 इंची टीव्ही साधारण पंधरा किलोचा. तो दोन स्क्रूंवर लटकवण्यापेक्षा आधी जाड सागवानी फळी सहा-आठ ठिकाणी लांब स्क्रूंनी भिंतीला बसवायची आणि ब्रॅकेट फळीवर मारायचा. हे जांभ्याच्या कुठल्याही भिंतीला लागू.

फायरप्लेसच्या शेजारी, त्याच भिंतीला

14 फुटांतून साडेपाच गेले, दोन्ही बाजूंना सव्वाचार फूट उरले. 43 इंची टीव्हीची रुंदी 38 इंच, म्हणजे सव्वातीन फुटांच्या आत. तो आरामात बसतो. 55 इंची चार फूट रुंद असतो. बसतो, पण कोंबल्यासारखा दिसतो. चिमणीचं बांधकाम पुढे आलेलं असल्याने बाजूला आपोआप कोनाडा तयार होतो, त्यात दीड-पावणेदोन फूट उंचीचं बुटकं कपाट ठेवलं की टीव्ही बैठकीच्या नजरेला येतो. दुसऱ्या बाजूच्या कोनाड्यात जळण ठेवू नका असं मी सांगतो, वाळवी लागते. पुस्तकं ठेवा किंवा मोकळं सोडा.

ही मांडणी मला पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या बंगल्यांसाठी आवडते. येणाऱ्याला आगीसमोर फोटो हवा असतो आणि रात्री मॅचही बघायची असते. एकच सोफा समोर ठेवला की दोन्ही एका नजरेत येतात. सोफा भिंतीच्या बरोब्बर मध्यावर न ठेवता टीव्हीच्या बाजूला दोन फूट सरकवायचा. 43 इंचासाठी सहा ते नऊ फुटांचं अंतर पुरतं, त्यापलीकडे बारीक अक्षरं वाचायला त्रास होतो. म्हणून सोफा पाठीमागच्या भिंतीला टेकवायचा मोह आवरा. तो खोलीच्या मधे येऊ दे, मागून अडीच-तीन फुटांची वाट राहू दे.

तोटा राखेचा. फायरप्लेस साफ करताना उडणारी राख शेजारच्या टीव्हीच्या मागच्या जाळीत जाऊन बसते. राख काढताना टीव्हीवर जुनी चादर टाकायची सवय लागली तर ठीक, आणि भाडेकरूंच्या घरात ती सवय लागत नाही हेही खरं.

काटकोनातल्या भिंतीला

ज्यांचं घर वर्षभर वापरात आहे, घरात वडीलधारी माणसं आहेत, त्यांना मी हेच सुचवतो. टीव्ही दाराकडच्या लांब भिंतीला, त्याच्यासमोर तीन माणसांचा सोफा, पाठ खिडक्यांकडे. 14 फुटांतून कपाट आणि सोफ्याची खोली वजा जाता डोळे ते पडदा असं नऊ-दहा फुटांचं अंतर मिळतं. 55 इंचाला ते चांगलं जमतं. टीव्हीचा मध्य साडेतीन फुटांवर ठेवता येतो, गादीवर बसणाऱ्यांसाठी आणखी सहा इंच खाली. फायरप्लेस सोफ्याच्या एका अंगाला येते. तिच्यापाशी वेताच्या किंवा सागवानी दोन खुर्च्या, दरीकडे आणि आगीकडे सहज फिरवता येतील अशा. त्या हलक्याच हव्यात. रेक्झिनचा अवजड रिक्लायनर तिथे एकदा ठेवला की तो तिथलाच. उघड्या आगीपासून जळू शकेल असं सगळं, म्हणजे फोमची गादी, पडदा, सतरंजी, वर्तमानपत्रांचा गठ्ठा, तीन फूट लांब.

या मांडणीतही दोन खोटी आहेत. सोफ्याची पाठ दरीकडे होते, आणि लाखो रुपये दरीसाठीच मोजलेले असतात. शिवाय टीव्ही खिडक्यांसमोर आल्यामुळे दिवसा पडद्यावर खिडकीच दिसते. दुसऱ्यावर उपाय जाड अस्तराचा पडदा. तशीही उघडीप असताना तिथे कोणी टीव्हीसमोर बसत नाही, आणि सगळे घरात अडकलेले असतात त्या जुलैत बाहेर धुक्याशिवाय काही नसतं, चकाकी येणार कुठून? पहिल्यासाठी खिडकीच्या लगत नुसता एक दिवाण टाका, सकाळचा चहा तिथे होतो. त्यासाठी सोफा अडीच फूट पुढे घ्यावा लागेल, मग टीव्हीचं अंतर सात-साडेसात फुटांवर येतं. 55 इंचासाठी ती जवळजवळ खालची मर्यादा आहे, त्याहून मोठा घेऊ नका.

समोरासमोर, म्हणजे आग एका टोकाला आणि टीव्ही दुसऱ्या टोकाला, हे 18 फुटांत करू नये. मधे कुठला तरी सोफा दुसऱ्याकडे पाठ करून बसतो, आणि अंधारात आगीच्या ज्वाळा पडद्यावर नाचतात. 24-25 फुटी हॉल असेल तर दोन वेगळ्या बैठका करता येतात, तेव्हा जरूर करा.

साताऱ्या-सांगलीच्या फ्लॅटमधली विजेची फायरप्लेस

हल्ली नव्या फ्लॅटमध्ये, अगदी सांगलीतसुद्धा, टीव्ही युनिटच्या खाली एलईडीच्या ज्वाळा दाखवणारी विजेची फायरप्लेस मागतात. एप्रिलमध्ये पारा 40 च्या घरात जाणाऱ्या गावात हीटर कशाला, हा प्रश्न मी विचारून बघतो, पण हौसेला मोल नसतं. इथे मात्र टीव्ही वर लावायला माझी हरकत नाही. हे यंत्र जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवता येतं, त्यामुळे टीव्ही साडेतीन फुटांवर राहतो. गरम हवा कुठून बाहेर येते तेवढं विकत घेताना बघा. खालून किंवा समोरून येत असेल तर उत्तम, वरच्या कडेने येत असेल तर ती थेट टीव्हीच्या पोटाखाली जाते. दोन हजार वॅटचा हीटर साधारण नऊ अँपिअर ओढतो, त्याला 16 अँपिअरचा पॉइंट आणि वेगळी लाइन लागते. टीव्हीच्या मागच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो जोडलेला मी बघितलाय, बोर्ड पिवळा पडून वाकला होता. नुसत्या ज्वाळा हव्या असतील तर हीटर नसलेलं मॉडेल घ्या, पैसे वाचतील. आणि सातारा-सांगलीत गणपती हॉलमध्येच बसतो. मखरासाठी चार फुटांचा एक कोपरा आधीच राखून ठेवा. युनिट भिंतभर पसरवलं की भाद्रपदात टीव्ही उतरवायची वेळ येते.

ठरत नसेल तर वर्तमानपत्रं जोडून टीव्हीच्या मापाचा कागद कापा, 55 इंचासाठी चार फूट बाय सव्वादोन फूट, आणि चिकटपट्टीने भिंतीला लावा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून अर्धा तास त्या कागदाकडे बघत गप्पा मारू द्या. मग दुसऱ्या भिंतीला लावा. प्लॅस्टर व्हायच्या आधी इलेक्ट्रिशियनला दोन्ही भिंतींना टीव्हीचा पॉइंट आणि केबलची नळी काढून ठेवायला सांगा. खर्च फार नाही, आणि नंतर जांभा फोडायला लागला तर सगळा हॉल लाल धुळीने भरतो.